नळदुर्गच्या जुन्या जिल्ह्यातील एक रोगपरीक्षा

निजामी राजवटीत ज्या जिल्ह्यास एके काळी नळदुर्गचे नाव होते, तोच पुढे उस्मानाबाद झाला आणि २०२३ पासून धाराशिव म्हणून ओळखला जातो. कर्करोगविषयक जागतिक वाङ्मयात मात्र त्याचे मधले नावच रूढ झाले आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये तेथे आरंभिलेली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तुलनात्मक तपासणी हे त्याचे कारण होय.

या कार्याची भूमी शेजारच्या बार्शीने तयार केली होती. १९८७ पासून तेथील कर्करोग रुग्णालयाकडे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोगनोंदणी होती व तीत या जिल्ह्यातील भूम आणि परांडा हे तालुके समाविष्ट होते. रुग्णालयात आलेले रोगी मोजून न थांबता गावोगाव जाऊन नोंद करण्याची ती पद्धत होती. मृत्यूंची गणना ज्यावर अवलंबून आहे अशी तुलना या सवयीवाचून अशक्य होती.

बार्शी, मुंबईचे टाटा रुग्णालय व लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोगसंशोधन संस्था यांनी ५२ ग्रामसमूहांतील, ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले. एका गटात सौम्य ॲसेटिक आम्ल लावून पांढरा पडणारा भाग नुसत्या डोळ्यांनी पाहिला जाई. दुसऱ्यात पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या जात. तिसऱ्यात काही न पाहता विषाणूच्या जनुकद्रव्याचा शोध घेतला जाई. तपासणी एकदाच व्हावयाची होती. चौथ्या गटास 'प्रचलित सेवा' देण्यात आली.

निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूचाचणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने दगावल्या. चौथ्या गटातील ३१,४८८ पैकी ६४. पाहण्यावर आधारलेल्या दोन्ही पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. त्याहून बोलकी गोष्ट अशी की, या पद्धतींनी निर्दोष ठरविलेल्या स्त्रियांत पुढे आढळलेल्या कर्करोगाचे प्रमाण विषाणूरहित ठरलेल्यांच्या चौपटीहून अधिक होते. तथापि दोष सर्वस्वी डोळ्यांचा मानू नये. मुंबईच्या वस्त्यांत हीच आम्लतपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली असता मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

वाद उद्भवला तो चौथ्या गटावरून. या स्त्रियांना माहिती देण्यात आली, चाचणी नाही. पेशीतपासणीचा उपयोग पाश्चात्य देशांत दशकानुदशके सिद्ध झालेला असता हे योग्य होते काय, असा आक्षेप पुढे घेण्यात आला. तीन चाचण्यांची आपसांतील तुलना चौथ्या गटावाचूनही झाली असती, हे खरे. परंतु एकाच वेळच्या तपासणीने खेड्यांतील मृत्यू घटतात की नाही, हे तीवरून कळले नसते. प्रस्तुत लेखकास आक्षेपाचा पक्ष अधिक सबळ वाटतो, आणि त्याचे कारण कदाचित भाषेच्या अभ्यासातले आहे. ज्या जिल्ह्यात निरोगी स्त्रियांच्या नियमित तपासणीची प्रथाच नव्हती, तेथे 'प्रचलित' हे विशेषण नेमके कोणत्या सेवेस लागले होते?