स्वस्त खोली आणि उघडे दार : परदेशातील मुक्कामाचा इतिहास

१/ सोलापुरातील माझा एक मित्र पुढील महिन्यात चार दिवसांसाठी बँकॉकला निघाला आहे. काल रात्री आम्ही मोबाइलवर हॉटेल शोधले. भाडे, स्थानकापासूनचे अंतर, न्याहारी आणि आधीच्या प्रवाशांचे अभिप्राय या चार कसोट्या लावल्या आणि खोली ठरली. ‘तेथे आपल्याला घेतील का?’ हा प्रश्न मनातही आला नाही. एकेकाळी मात्र तोच पहिला प्रश्न होता. त्याविषयी हा थ्रेड.

२/ विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनला जाणाऱ्या बेताच्या ऐपतीच्या मराठी माणसाला मोठी हॉटेले परवडत नसत. त्याचा आधार म्हणजे बोर्डिंग हाऊस : एखाद्या बाईने चालवलेले राहते घर, आठवड्याच्या हिशेबाने भाडे आणि त्यातच खाण्याची सोय. पण घर खासगी असल्यामुळे कोणाला ठेवायचे हे घरमालकिणीच्या मर्जीवर होते. हिंदी पाहुण्याचा वर्ण पाहून दार लावून घेण्यास कायद्याची आडकाठी नव्हती.

३/ या अडचणीवर श्यामजी कृष्णवर्मा यांनी उपाय काढला. १ जुलै १९०५ रोजी हायगेट भागातील ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू येथे ‘इंडिया हाऊस’ हे हिंदी विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले. पुढच्याच वर्षी विनायक दामोदर सावरकर तेथे राहावयास आले. क्रांतिकारकांचा अड्डा म्हणून ही वास्तू आपल्याला ठाऊक आहे. पण मुळात ती परक्या शहरात हक्काची खोली मिळावी म्हणून उभी राहिली होती, हे आपण विसरतो.

४/ आता दुसरा प्रवासी पाहू. १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तेथील लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा सोबती झाला आणि ही मैत्री पुढे टिकली. परदेशात खोली मिळाली, सोबतही मिळाली.

५/ १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा हिंदू हॉटेलात जागा मिळणे शक्य नव्हते. अखेर एका पारशी सराईत दिवसाला दीड रुपया भाड्याने, वहीत पारशी नाव लिहून, त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना सराई सोडावी लागली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. शीर्षकातील ‘व्हिसा’ हा शब्द स्वदेशातील अनुभवांसाठी वापरलेला आहे, हे ध्यानात घ्यावे.

६/ आमचा सोलापूर जिल्हाही याला अपवाद नव्हता. पंढरीच्या वाटेवर ‘विष्णुमय जग’ म्हणणाऱ्यांच्या गावात अस्पृश्य वारकऱ्यांना निवारा मिळावा म्हणून गाडगेबाबांना चोखामेळा धर्मशाळा बांधावी लागली. १९४९ साली त्यांनी ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

७/ १९२० साली आंबेडकर पुन्हा लंडनला गेले. १९२१-२२ मध्ये ते १०, किंग हेन्रीज रोड येथे राहिले. स्वस्त खोलीची किंमत पोटाने मोजली : सकाळी पावाचा तुकडा आणि एक पेला बोव्हरिल, दुपारी बहुधा उपास, रात्री भूक मारण्यासाठी पापड, असे चरित्रकार नोंदवतात. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने तेच घर विकत घेऊन तेथे स्मारक केले.

८/ पैसे असूनही दार बंद होऊ शकते, हे १९४३ साली दिसले. वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन लॉर्ड्सवरील सामन्यासाठी लंडनला आले. इम्पीरियल हॉटेलात चार रात्रींचे आरक्षण होते; परंतु वर्णामुळे एका रात्रीपलीकडे राहू देण्यास नकार मिळाला. त्यांनी दावा लावला. सराईवाल्याने रास्त कारणाविना प्रवाशाला नाकारू नये, या जुन्या इंग्रजी नियमाच्या आधारे १९४४ साली ते जिंकले. भरपाई अवघी पाच गिनी.

९/ ब्रिटनने हॉटेलांतील वर्णभेद स्पष्ट शब्दांत बेकायदा ठरवला तो १९६५ च्या कायद्याने. भारताने हे पंधरा वर्षे आधी केले होते. आपल्या राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकाने आणि उपाहारगृहांबरोबर ‘हॉटेल’ हा शब्द मुद्दाम आहे. त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बडोद्याच्या सराईतून बाहेर काढले गेलेले तेच प्रवासी होते.

१०/ हॉटेलच्या दाराला आज कायद्याचा आधार आहे. भाड्याच्या खासगी खोलीचे मात्र अजून तसे नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठी शहरात खोली शोधताना मला भाड्याचा आकडा कळण्याआधी आडनाव विचारले गेले. मित्राच्या बँकॉकच्या हॉटेलने आडनाव फक्त आरक्षणाच्या अर्जात भरून घेतले. या दोन प्रसंगांमधले अंतर मिटवण्याचे काम आपल्या पिढीकडे आले आहे.

तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी परगावी पहिली रात्र कोठे काढली, हे एकदा विचारून पाहा आणि येथे लिहा.