नकलनविसापासून वास्तुकारापर्यंत

पुण्याहून आळंदीस जाणाऱ्या रस्त्यावर येरवडा मागें पडला म्हणजे विश्रांतवाडी लागते. ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून प्रस्थान ठेवलेली ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी दुसऱ्या दिवशीं पुण्यास येते, ती याच वाटेनें. वारकऱ्यास वाटेंत सावली, पाणी आणि पाठ टेकण्यापुरती जागा मिळाली कीं त्याचें समाधान होतें. परंतु जो मनुष्य पोटासाठीं येथेंच राहावयास आला, त्याची गरज एवढ्यानें भागत नाहीं. त्याला घर पाहिजे. गेल्या कांहीं दशकांत येथें घरें पुष्कळ झालीं. मजल्यावर मजले चढले, गल्लीस गल्ली भिडली. नकाशे निघाले, भिंती उभ्या राहिल्या; पण स्वयंपाकघरांत उजेड कोठून यावा, पावसाळ्यांत धुतलेलीं वस्त्रें कोठें वाळावीं, घरांतील वृद्ध माणसानें संध्याकाळीं कोठें बसावें, याचा विचार कोणी केला, असें विचारलें तर पुष्कळ घरांपुरतें उत्तर सांपडणें कठीण. पुण्याच्या सभोंवतीं वाढलेल्या बहुतेक वस्त्यांची हीच स्थिति आहे.

दुसऱ्या बाजूनें पाहावें तर मध्यम वर्गांतील अनेक कुटुंबें आज आपल्या मुलामुलींस वास्तुविद्येच्या महाविद्यालयांत धाडीत आहेत. मुलाचा हात चित्रकलेंत चांगला, गणितहि बरें. तेव्हां ही मधली वाट बरी, अशी बहुधा विचारसरणी असते. ही विद्या नेमकी कशाची, तिला कोणतें कसब लागतें आणि ती शिकून कोणतें साध्य गांठावयाचें, हा विचार प्रवेशाच्या धांदलींत मागें पडतो. आमच्या मतें त्याचें उत्तर ही विद्या आमच्या प्रांतांत कशी आली आणि कशी वाढली, त्या इतिहासांत आहे. तो थोडक्यांत सांगावयाचा तर असा : आमच्या विद्यार्थ्यास प्रथम दुसऱ्याचें काम उतरून काढावयास शिकविलें, पुढें त्यास जुन्या इमारती मोजावयास शिकविलें, आणि घरांत राहणाऱ्या माणसाची गरज मोजावी, हा तिसरा धडा अजून पुरा व्हावयाचा आहे.

शाळा निघण्यापूर्वीं ही विद्या आमच्याकडे नव्हती, असें मुळींच नाहीं. शनिवारवाड्याचा पाया १७३० सालीं घातला गेला आणि १७३२ सालीं त्याची वास्तुशांत झाली. दुसऱ्या बाजीरावानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बांधलेल्या विश्रामबागवाड्याचें कोरीव लांकूडकाम आजहि रस्त्यावरून दिसतें. हीं कामें करणारे सुतार, गवंडी आणि पाथरवट कोणत्याहि शाळेंत गेलेले नव्हते. ओळंबा, गुण्या आणि सूत हीं त्यांचीं साधनें. बापाच्या किंवा उस्तादाच्या हाताखालीं काढलेलीं वर्षें हेंच त्यांचें शिक्षण. चौकानें उजेड आणि वारा आंत यावा, ओसरीनें ऊन-पाऊस अडवावा, देवडीनें परक्यास थांबवावें आणि माजघरानें घरच्या माणसांस आडोसा द्यावा, ही योजना त्यांच्या अंगवळणीं पडलेली होती. तथापि या विद्येच्या मर्यादाहि तितक्याच उघड आहेत. ती घराण्याच्या आणि जातीच्या कुंपणाबाहेर गेली नाहीं; ती बहुधा कागदावर उतरली नाहीं; आणि तिचें उत्तम फळ सरदार-सावकारांच्या वाट्यास आलें. पेशवाईबरोबर मोठा आश्रय गेला आणि ही परंपरा क्षीण होत गेली.

इंग्रजी अमलांत शिक्षण आलें, तें मात्र निराळ्या हेतूनें. १८५४ सालीं पुण्यांत इंजिनियरिंगचा वर्ग निघाला, तो सार्वजनिक बांधकामांसाठीं दुय्यम कामगार तयार करण्याकरितां. आजचें पुण्याचें अभियांत्रिकी विद्यापीठ हा त्याचाच विस्तार होय. मुंबईंत सर जमशेटजी जिजीभाई यांनीं १८५३ सालीं देऊं केलेल्या एक लक्ष रुपयांतून १८५७ सालीं कलाशाळा सुरू झाली. १८६५ सालीं जॉन लॉकवुड किपलिंग तेथें शिल्पकलेचे शिक्षक म्हणून आले. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांस अजिंठ्यास नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या नकला करविल्या. हें काम १८८५ पर्यंत चाललें. आज ज्यास छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात, त्या बोरीबंदरच्या इमारतीवरील पानें, फुलें आणि प्राणी घडविण्यांत याच शाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा भाग होता. इमारतीची कल्पना फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची. सीताराम खंडेराव वैद्य यांच्यासारखे एतद्देशीय त्यांचे साहाय्यक. राजाबाई टॉवरची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १८७८ सालीं पुऱ्या झालेल्या या मनोऱ्याचे योजक सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनीं हिंदुस्थानांत कधीं पाऊलहि ठेवलें नव्हतें. आणि त्या मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानांतील नाना जातींच्या माणसांचे जे पुतळे आहेत, ते रावबहादुर मुकुंद रामचंद्र यांच्या हातचे. हात आमचे, निर्णय दुसऱ्याचा, अशी ही वांटणी होती. १८९६ सालीं कलाशाळेंत वास्तुविषयक शिक्षणास आरंभ झाला, तोहि ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे उतरून देणारे नकलनवीस, तयार करण्यासाठीं.

नकल करणें हें शिक्षणाचें पहिलें पाऊल आहे, याविषयीं आमचा वाद नाहीं. अक्षर गिरविल्यावांचून कोणी लिहावयास शिकत नाहीं. परंतु ज्यास जन्मभर गिरवावयासच लावलें, त्याच्या मनांत स्वतःचें वाक्य कधीं उमटावयाचें ? या प्रश्नाचें उत्तर सरकारनें दिलें नाहीं. विद्यार्थ्यांनींच तें काढलें. प्रा. रॉबर्ट केबल यांच्या माजी विद्यार्थ्यांनीं १२ मे १९१७ रोजीं मुंबईंत एक विद्यार्थिसंघ स्थापन केला; गेटवे ऑफ इंडियाचे योजक जॉर्ज विटेट हे त्याचे पहिले अध्यक्ष. १९२२ सालीं त्याचें नांव बदललें, आणि १९२९ सालीं त्याचीच 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' ही अखिल देशाची संस्था झाली. एका धंद्याची सर्वोच्च संस्था विद्यार्थ्यांच्या मंडळांतून वाढावी, ही गोष्ट विरळाच होय. नकलनवीस म्हणून घेतलेल्या वर्गाला आपण निर्णय करणारे झालों पाहिजे अशी जाणीव झाली होती, एवढें यावरून निश्चित दिसतें.

१९२३ ते १९४३ या काळांत कलाशाळेच्या वास्तुविभागाचें सूत्र क्लॉड बॅटली यांच्या हातीं होतें. त्यांनीं दुसरा धडा दिला, तो मोजमापाचा. विद्यार्थ्यांनीं जुनीं देवळें, मशिदी आणि घरें प्रत्यक्ष मोजून त्यांचे नकाशे काढावे, यावर त्यांचा भर असे. १९३४ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा हिंदी वास्तुरचनेवरील ग्रंथ अशाच मोजीव नकाशांचा आहे. ज्यानें हें काम केलें नाहीं त्यास तें कंटाळवाणें वाटेल. एकानें फीत धरावी, दुसऱ्यानें आंकडा वाचावा, तिसऱ्यानें तो वहींत मांडावा. पायरीची उंची, जोत्याची उंची, खांबांतील अंतर, छज्जाची खोली, एकहि माप सुटूं नये. परंतु याच कामांत एक चमत्कार घडतो. छज्जा नुसता पाहणाऱ्यास शोभा दिसते. तोच मोजून कागदावर काढणाऱ्यास कळतें कीं, उन्हाळ्यांतील माथ्यावरचें ऊन तो भिंतीपासून दूर ठेवतो आणि हिंवाळ्यांतील तिरकें ऊन मात्र आंत येऊं देतो. पायरी मोजणाऱ्यास पायाचें माप कळतें, आणि खिडकीचा उंबरा मोजणाऱ्यास बसलेल्या माणसाची दृष्टि कळते. नकल रूप देते. मोजमाप कारण देतें. वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यास जीं अनेक कसबें लागतात, त्यांत हें आम्ही पहिलें मानतों. रेखन, गणित, बांधकामाच्या सामानाची पारख हीं सर्व आवश्यकच. पण कारण शोधण्याची संवय नसेल तर तीं केवळ हातचलाखी ठरतात.

या पिढीचें फळ लवकरच दिसूं लागलें. गजानन बाबूराव म्हात्रे यांनीं मुंबईंत भाड्यानें राहणाऱ्या कुटुंबांसाठीं नव्या धर्तीच्या इमारती योजिल्या; मरीन ड्राइव्हवरील १९३७ ची सूना महाल ही त्यांपैकींच. मुंबईच्या या शैलीच्या वास्तुसमूहास २०१८ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. १९३६ सालीं पेरीन मिस्त्री या कलाशाळेंतून वास्तुविद्येची पदविका घेऊन बाहेर पडल्या. हें शिक्षण पुरें करणाऱ्या त्या या देशांतील पहिल्या स्त्री मानल्या जातात. पुढें १९९४ सालीं पुण्यांत महर्षि कर्वे यांच्या संस्थेनें केवळ स्त्रियांसाठीं वास्तुविद्येचें महाविद्यालय काढलें. घर चालविण्याचा भार जिच्यावर, तिलाच घर योजण्याचें शिक्षण मिळण्यास एवढा काळ लागावा, यावर अधिक लिहावयास नको.

तथापि विद्यार्थ्याचा संपूर्ण मार्ग एका आयुष्यांत पाहावयाचा असेल तर अच्युत कानविंदे यांचें चरित्र पाहावें. १९१६ सालीं कोंकणांतील आचरें गांवीं जन्म. आई लहानपणींच गेलेली. वडील चित्रकलेचे शिक्षक. १९३५ सालीं ते कलाशाळेच्या वास्तुविभागांत आले आणि बॅटली यांच्या हाताखालीं शिकून १९४२ सालीं बाहेर पडले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेंत नोकरी धरल्यावर १९४५ सालीं सरकारनें त्यांस अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत धाडलें. तेथें वाल्टर ग्रोपियस हे गुरु. इमारतीचें रूप तिच्या कार्यांतून निघावें, आभूषणांतून नव्हे, ही शिकवण घेऊन ते परतले. परंतु कानविंदे यांची थोरवी अशी कीं, त्यांनीं तीहि नुसती गिरविली नाहीं. १९५९ सालीं स्थापन झालेल्या कानपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेच्या इमारती त्यांनीं कांक्रीटच्या सांगाड्यांत विटा भरून उभारल्या आणि छायेच्या पादचारी मार्गांनीं जोडल्या. उत्तरेकडील उन्हांत विद्यार्थ्यानें एका वर्गांतून दुसऱ्या वर्गांत कसें जावें, हा तेथें शोभेचा नव्हे, गरजेचा प्रश्न होता. म्हैसाण्याच्या दूधसागर दुग्धालयांत दूध वरून खालीं आपल्याच भारानें उतरावें अशी योजना आहे, आणि कोंदट हवा बाहेर नेणारे उंच झरोकेच इमारतीचें रूप ठरले आहेत. मोजमापाचा धडा येथें एक पायरी वर चढला : भिंतीऐवजीं त्यांनीं काम मोजलें, चाल मोजली, हवा मोजली.

१९५८ सालीं कलाशाळेचा वास्तुविभाग स्वतंत्र महाविद्यालय झाला. १९७२ च्या कायद्यानें वास्तुकार या नांवास संरक्षण मिळालें आणि शिक्षणाचें नियमन करणारी परिषद स्थापन झाली. आज हा अभ्यासक्रम पांच वर्षांचा आहे. त्यांतील एक सत्र वास्तुकाराच्या कार्यालयांत प्रत्यक्ष कामांत घालवावें लागतें. फळ्यावरची पट्टी आणि कोनमापकें जाऊन संगणक आला, आणि पंधरवड्याचें रेखन एका दिवसांत होऊं लागलें. ही सोय मोठीच. परंतु तिच्याबरोबर जुना नकलनवीस नव्या वेषांत परत आला आहे. दूरदेशींच्या काचेच्या इमारतींचीं चित्रें क्षणांत मिळतात आणि क्षणांत उतरतात. पुण्याच्या चैत्रांत पश्चिमेकडील काचेच्या भिंतीमागें बसणाऱ्याचें काय होतें, हें चित्र सांगत नाहीं. पूर्वीं नकल करण्याची सक्ति होती. आतां ती आम्ही आपखुषीनें करूं लागलों, हें अधिक खेदाचें.

तिसरा धडा कसा असावा, याचें एक उदाहरण विश्रांतवाडीच्या शेजारींच, येरवड्यांत आहे. २००५ सालीं सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या नागरी योजनेखालीं २००९ च्या सुमारास तेथील झोंपडवस्त्यांत जागच्या जागीं घरें बांधण्याचें काम हातीं घेतलें गेलें. 'स्पार्क' ही संस्था आणि 'महिला मिलन' हें वस्त्यांतील स्त्रियांचें मंडळ यांचा त्यांत पुढाकार होता. पुण्याचे वास्तुकार प्रसन्न देसाई यांच्या कार्यालयानें योजना केली. वस्ती उठवून दूर उंच इमारतींत कोंबावी, हा नेहमींचा मार्ग सोडून पक्कीं घरें तशींच ठेवलीं, कच्चीं तेवढीं पाडलीं, आणि त्या त्या कुटुंबास त्याच गल्लींत, त्याच शेजारांत सुमारें २७० चौरस फुटांचें घर देण्याचें ठरलें. यासाठीं एक साचा काढून भागण्याजोगें नव्हतें. प्रत्येक जागा वेडीवांकडी, प्रत्येकीची रुंदी निराळी. घरोघर फीत घेऊन जावें लागलें आणि घरच्या बाईशीं बोलावें लागलें. २७० चौरस फूट ही कांहीं ऐसपैस जागा नव्हे, आणि अरुंद गल्ल्यांचे सारे दोष एका योजनेनें नाहींसे होत नाहींत. परंतु राहणाऱ्याचें मत नकाशांत उतरलें, आणि कोणाचा शेजार तुटला नाहीं, ही गोष्ट लहान नव्हे.

म्हणून ज्या कुटुंबांत वास्तुविद्येचा विद्यार्थी आहे, त्यांस आमची एवढीच सूचना कीं, त्याच्या चित्रांचें कौतुक करतांना 'हें कोणासाठीं ?' असें त्यास अवश्य विचारावें. सुटींत त्यानें आपलें स्वतःचें घर मोजावें, मग शेजाऱ्याचें, मग ज्या घरांत त्याला सहसा कोणी बोलावीत नाहीं, तें. सकाळचें ऊन कोठें येतें, पाणी कोठें सांठवितात, अभ्यासाला मूल कोठें बसतें, हें सर्व त्यानें वहींत लिहावें. जुन्या सुताराची हातोटी, बॅटली यांची फीत आणि कानविंदे यांची कारणमीमांसा हीं तिन्ही त्या वहींत एकत्र येऊं शकतील. मोठ्या इमारती बांधणारे पुण्यास मिळतच राहतील. विश्रांतवाडीच्या गल्लींतील दोन खोल्यांचा विचार करणारे मात्र अजून फार थोडे आहेत.