विज्ञानकथेची चाल

मेळ्यांच्या जुन्या पदांच्या पुस्तिका चाळताना पदाच्या डोक्यावर एक बारीक ओळ दिसते: ‘चाल – अमुक पदाची’. चाल लोकांच्या कानावरची, शब्द आपले. अमेरिकेतल्या विज्ञानकथाप्रेमींचे ‘फिल्क’ संगीत मुळात याच युक्तीवर उभे राहिले.

ही मंडळी संमेलनांना जमत. दिवसा चर्चा आणि रात्री हॉटेलच्या खोलीत गाणी. जुन्या लोकगीतांच्या चालींवर अंतराळयाने, परग्रहवासी आणि एकमेकांची थट्टा रंगे. गाणी आधीपासून होती. नाव मात्र टंकनाच्या चुकीतून मिळाले. १९५०च्या दशकाच्या आरंभी ली जेकब्स यांनी विज्ञानकथेच्या लोकसंगीतावरील प्रभावाविषयी लेख लिहिला. शीर्षकात ‘फोक’चे ‘फिल्क’ झाले. लेख तेव्हा छापला गेला नाही, पण चूक सगळ्यांना आवडली आणि कॅरन अँडरसन यांनी तो शब्द मुद्दाम गाण्यासाठी वापरला.

मराठीत अशी परंपरा रुजली नाही. ती का, हा प्रश्न मला कोल्हापुरात बसून अधिकच टोचतो. हे शाहिरांचे गाव. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन भटशाही आणि अंधश्रद्धेवर प्रहार केले, ते या मुलखाने ऐकले. १९८७च्या भारत जन विज्ञान जथ्यानेही विज्ञान गाण्यांतून लोकांपुढे नेले. म्हणजे नवा विचार चालीत बसवणे आपल्याला जड नव्हते.

फरक हेतूत आहे, असे मला वाटते. जलसा आणि जथा दुसऱ्यांना जागे करण्यासाठी गात होते. विज्ञानकथेवरही आपण विज्ञानप्रसाराची जबाबदारी टाकली. याच कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली; आपली आद्याक्षरे उलटी फिरवून. हा खोडकरपणा लेखकाकडे होता. वाचक मात्र ती कथा घरी, मासिकात, दिवाळी अंकात एकटाच वाचत राहिला.

फिल्क गाणारे कुणालाही शहाणे करायला निघाले नव्हते. आवडत्या कथेची थट्टा करण्याइतकी त्यांची तिच्याशी सलगी होती. आपण विज्ञानकथेला मान दिला, बक्षिसे दिली, पाठ्यपुस्तकात जागा दिली. तिला घेऊन रात्रभर बैठक जमवायची तेवढी राहिली.