उपानह : कांहीं जुने उल्लेख व जतनाचा विचार

जुन्या कागदांच्या शोधांत हिंडणाऱ्यास कागदांखेरीज इतर वस्तूहि हातीं लागतात. दौत, कलमदान, एखादी तराजूची पेटी आणि क्वचित् जुना जोडा. बाकीच्या वस्तूंचें स्वागत होतें. जोडा मात्र उंबऱ्याबाहेरच राहतो. बारा वर्षांपूर्वीं एका घराण्याच्या दप्तराबरोबर लाल चामड्याचा, कलाबतूच्या कामाचा, पुढें चोंच वळलेला एक जोडा आमच्याकडे आला. चामडें कोरडें पडून कडक झालें होतें. आम्हीं त्यास मोठ्या प्रेमानें एरंडेल चोळलें आणि प्लास्टिकच्या पिशवींत घालून कपाटांत ठेविलें. पुढच्या आश्विनांत पिशवी उघडून पाहतों तों चामडें काळवंडून चिकट झालेलें, कलाबतू हिरवी पडलेली आणि आंतल्या बाजूस बुरशीचा पांढरा थर! चूक सर्वस्वीं आमची. ती कशी झाली हें समजून घेण्यासाठींच आम्हांस हा विषय प्रथम ग्रंथांत व मग ग्रंथाबाहेर शोधावा लागला.

प्रथम शब्दाचा विचार करूं. पाणिनीच्या पांचव्या अध्यायाच्या आरंभींच 'औपानह्य' हा शब्द सिद्ध होतो. जोडा करण्यासाठीं योजिलेलें द्रव्य, असा त्याचा अर्थ. काशिकाकार उदाहरण देतात तें मुंज गवताचें, आणि चामड्याचाहि निर्देश करितात. म्हणजे गवताचे व चामड्याचे असे दोन्ही जोडे त्यांस माहीत होते. त्याच अध्यायाच्या दुसऱ्या पादांत 'अनुपदीना' हा शब्द आला आहे. मोनियर-विल्यम्सच्या कोशांत याचा अर्थ पायांत चढविण्याचा उंच बूट असा केला आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. काशिकेंत या शब्दाचा अर्थ पायाच्या प्रमाणाची असा दिला असून अमरसिंहानें वापरलेलें 'पदायता' हें विशेषणहि लांबी दाखवितें, उंची नव्हे. तेव्हां अनुपदीना म्हणजे मापाचा जोडा, एका विशिष्ट पायासाठीं केलेला. आज मोठमोठ्या शहरांत पायाचें माप देऊन बूट करवून घेणें ही श्रीमंतीची खूण समजली जाते. तिला निदान शब्द तरी आपल्याकडे फार जुना आहे.

याहून अधिक तपशील पालि विनयपिटकांत सांपडतो. महावग्गांत चामड्याविषयीं एक स्वतंत्र खंधकच आहे. सोण कोळिविस हा सुखांत वाढलेला तरुण भिक्षु शीतवनांत चंक्रमण करूं लागला आणि त्याचे पाय रक्तबंबाळ झाले; त्यावरून एका तळाच्या वहाणा घालण्याची अनुज्ञा मिळाली. पाठोपाठ निषेधांची लांब मालिका येते. निळ्या, पिवळ्या, तांबड्या वहाणा नकोत. मेंढ्याच्या शिंगासारख्या किंवा विंचवाच्या नांगीसारख्या टोकांच्या नकोत. मोरपिसें शिवलेल्या नकोत. सिंह, वाघ, चित्ता यांच्या कातड्यांनीं सजविलेल्याहि नकोत. निषेध हा प्राप्तिपूर्वक असतो, हें मीमांसकांचें म्हणणें येथें उपयोगी पडतें. जी चैन अस्तित्वांतच नव्हती ती मना करण्याचें कारण काय? मात्र त्या शिंगाकार टोकांशीं आमच्या जोड्याच्या चोंचीचा संबंध जोडण्याचा मोह आवरलेला बरा.

याच खंधकांत दुसरा एक सोण येतो, सोण कुटिकण्ण. पहिल्याशीं त्याचा घोटाळा करूं नये. तो महाकच्चानाचा शिष्य, अवंति-दक्षिणापथांतील. आमच्याकडील भूमि वरून काळी, खडबडीत व 'गोकंटकां'नीं पीडिलेली आहे, सबब जाड, अनेक तळांच्या वहाणांची परवानगी असावी, अशी विनंति गुरूनें त्याच्याबरोबर पाठविली आणि ती मान्य झाली. गोकंटक म्हणजे गोखरू, असें संस्कृतज्ञास सहज वाटेल. अट्ठकथेंत मात्र गुरांच्या खुरांनीं तुडविलेल्या जमिनींतून उठलेले कांटे, असा अर्थ आहे. आमच्या मतें तोच खरा. पावसांत गुरांनीं तुडविलेली काळी माती उन्हानें वाळली कीं तिच्या कडा कशा टोंचतात, हें ऑक्टोबरांत काळ्या रानांतून अनवाणी चाललेल्या माणसास कोशांत पाहावें लागत नाहीं. अवंति म्हणजे उज्जयिनीकडचा प्रदेश, सारा महाराष्ट्र नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. पण माती त्याच जातीची.

चुल्लवग्गांत आगंतुक भिक्षूचा आचार सांगतांना वहाणा पुसण्याची रीत दिली आहे. पुसण्याचें फडकें कोठें आहे तें विचारावें. आधीं कोरड्या फडक्यानें पुसावें, मग ओल्यानें. शेवटीं फडकें धुऊन बाजूस ठेवावें. हा क्रम वाचून आम्ही थक्क झालों. आजचा उत्तम बूट बाळगणाराहि हेंच करितो. आधीं ओलें फडकें लाविलें तर धुळीचा चिखल होऊन चामड्याच्या रंध्रांत बसतो.

आतां जतनाकडे वळूं. मनूनें चौथ्या अध्यायांत दुसऱ्यानें वापरलेला जोडा घालूं नये असें सांगितलें आहे. संग्राहकास त्यांतून भीति नाहीं, कारण तो घालीत नाहीं, ठेवितो. घालण्याचा जोडा व ठेवण्याचा जोडा यांची निगा एक नव्हे, हीच गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. वापरांतल्या बुटास एक दिवसाआड विसावा, आंत लाकडी साचा, अधूनमधून मेण हें सर्व हवें. भिजल्यास त्यास चुलीजवळ वाळवूं नये, कारण ओलें चामडें उष्णतेनें आखडतें. संग्रहांतील जोड्यास मात्र तेल लावूंच नये. ब्रिटिश म्यूझियमच्या प्लेंडरलीथ यांनीं १९४६ सालीं ग्रंथांच्या चामडी बांधणीस लोकरीची चरबी व मेण यांचा लेप सांगितला होता व तो जगभर रूढ झाला. पुढील अनुभव असा कीं, अशा लेपांनीं चामड्याची झीज थांबत नाहीं. उलट धूळ चिकटते, पृष्ठभागावर चरबी पांढरी फुटून येते आणि तांब्याच्या तारेशीं संयोग होऊन हिरवा थर बनतो. आमच्या कलाबतूचें तेंच झालें.

हवेंतील सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी. ६५ च्या वर गेली कीं बुरशीस आमंत्रण. आपल्या पावसाळ्यांत बंद पिशवी म्हणजे बुरशीचें माहेरघरच. आम्लरहित कागदाचे बोळे आंत भरून आकार धरावा व हवा खेळेल अशा पेटींत ठेवावें. आर्मेनियांतील अरेनी येथील गुहेंत २००८ सालीं सांपडलेल्या, सुमारें साडेपांच हजार वर्षांपूर्वींच्या चामडी जोड्यांत गवत भरलेलें होतें. तें ऊब येण्यासाठीं कीं आकार टिकावा म्हणून, याचा निर्णय झालेला नाहीं.

हस्तलिखितें जमविणारांनीं चामड्याची लाल भुकटी पाहिली असेलच. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनें नेमलेल्या समितीनें विसाव्या शतकाच्या आरंभीं बांधणीच्या चामड्यांची तपासणी केली, तेव्हां हिंदुस्थानांतून जाणारें, तरवडाच्या सालीनें कमावलेलें चामडें तिला टिकाऊपणांत हलकें आढळलें. हिरड्यानें कमावलेलें चामडें या रोगास त्या मानानें कमी बळी पडतें. म्हणून जोडा कोठला, कशानें कमावलेला, हें नोंदविणें कागदाच्या तारखेइतकेंच महत्त्वाचें.

आणि कोणीं केला? आमच्या त्या दप्तरांत जोड्याची किंमत आहे, करणाराचें नांव नाहीं. ज्यांनीं कातडें कमावलें व शिवलें त्यांस गांवकुसाबाहेर ठेवून त्यांची कामगिरी पायांत मिरविणारा समाज त्यांचें नांव कशाला लिहील? कोल्हापुरी वहाणेस २०१९ सालीं महाराष्ट्र व कर्नाटकांतील आठ जिल्ह्यांसाठीं भौगोलिक निर्देशाची मान्यता मिळाली, त्यांतहि नोंद झाली ती प्रदेशाची. निदान आज जे कारागीर हयात आहेत त्यांचीं नांवें, साल व हत्यारें संग्राहकांनीं लिहून घ्यावीं. तें काम आम्हीं सुरू केलें आहे.

तो जोडा आतां कागदाच्या पेटींत आहे. सोबतच्या चिठ्ठींत घराण्याचें नांव, जोडा आल्याचें साल, आणि खालीं एक ओळ : 'एरंडेल लाविलें, आम्हींच.'