सुईण, परिचारिका आणि बाळंतिणीची खोली

घरांत मूल जन्माला आलें कीं पांचवी-सहावीला सटवाईची पूजा होते. पाटावर कोरा कागद व लेखणी ठेवतात. त्या रात्रीं सटवाई येऊन बाळाच्या कपाळीं त्याचें प्राक्तन लिहिते, अशी समजूत आहे. वडीलधाऱ्या बायका ती रात्र जागून काढतात. लहानपणीं मला या जागरणाची मोठी मौज वाटे. तिच्यामागें भीति दडलेली आहे, हें पुष्कळ वर्षांनीं कळलें. नवजात अर्भकाचा धनुर्वात बहुधा जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान दिसूं लागतो. काल अंगावर पिणारें मूल आज स्तन धरीनासें होई, जबडा मिटे, अंग धनुष्यासारखें ताठे आणि तें हातचें जाई. ज्यांनीं हें पिढ्यान्‌पिढ्या पाहिलें, त्यांनीं त्या आठवड्यांतली एक रात्र देवीच्या स्वाधीन केली असेल, तर त्यांत नवल नाहीं, असें मला वाटतें.

परंतु, श्रोतेहो, त्या बाळाचें प्राक्तन लेखणीपेक्षां नाळ कापणाऱ्या विळ्यावर अधिक अवलंबून होतें. त्या विळ्याचा आणि तो धरणाऱ्या हाताचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

आरंभ व्हिएन्ना शहरापासून करूं. तेथील सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. १८४६ सालीं पहिल्या विभागांत शेंकडा अकरांहून अधिक स्त्रिया दगावल्या; सुइणींच्या विभागांत शेंकडा तीनही नाहींत. पहिल्या विभागांत आपली रवानगी होऊं नये, म्हणून गरीब बायका अक्षरशः गयावया करीत. तेथील तरुण डॉक्टर सेमेलवाइस यांनीं या भेदाचा छडा लावला. विद्यार्थी शवविच्छेदन आटोपून त्याच हातांनीं बाळंतिणीला तपासावयास येत. सुइणींच्या वांट्याला शवविच्छेदन नव्हतें. १८४७ च्या मे महिन्यांत त्यांनीं क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ति केली, आणि १८४८ सालीं पहिल्या विभागांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा सव्वाच्या आसपास उतरलें. विद्वान्‌ हात स्वच्छ असतोच असें नाहीं, हा या प्रकरणाचा धडा होय.

हाच धडा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना स्वतःच्या अपयशांतून मिळाला. त्यांचें नांव आपण क्रिमियाच्या युद्धाशीं जोडतों; पण लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयांत सुइणींना शिकविण्याचा एक विभागही त्यांच्या निधींतून चालत असे. तेथें सूतिकाज्वर शिरला आणि १८६७ सालीं तो विभाग बंद करावा लागला. बाईंनीं हें अपयश झांकून ठेविलें नाहीं. ठिकठिकाणचे मृत्यूंचे आंकडे जमवून त्यांनीं १८७१ सालीं प्रसूतिगृहांविषयीं पुस्तक प्रसिद्ध केलें आणि गर्दीच्या रुग्णालयापेक्षां घरची प्रसूति निर्धोक ठरत आहे, हें निर्भीडपणें मांडलें. परिचर्या म्हणजे केवळ मायेनें उशी नीट करणें नव्हे. पाहणें, मोजणें आणि चुकलें तें कबूल करणें, हीही परिचर्याच.

आतां आपल्याकडे वळूं. आपण बाळंतपणाला विटाळ मानिलें. म्हणून बाळंतिणीला घरांतली अंधारी खोली, जुनी बाज आणि फाटकें लुगडें मिळे. वारा लागूं नये म्हणून खिडक्या बंद आणि बाजेखालीं शेगडी. नाळ कापण्याचें काम बहुधा ज्यांना समाजानें खालच्या पायरीवर बसविलें होतें अशा बायकांकडे असे. घरांतले सर्वांत नाजूक असे दोन जीव त्यांच्या हातीं सोंपवावयाचे आणि काम झालें कीं त्यांना अंगणांत उभें करून शिधा घालावयाचा, अशी आपली रीत! सुईण अडाणी होती हें खरें. तिच्या हातीं अनुभवही पुष्कळ होता, हेंही तितकेंच खरें. तिला शिकूं दिलें नाहीं तें मात्र आपण.

१८८५ सालीं लेडी डफरिन यांच्या नांवाचा निधि निघाला आणि स्त्रियांना स्त्रियांकडून वैद्यकीय मदत मिळावी, या कार्याला संघटित रूप आलें. पुढच्याच वर्षीं मुंबईंत कामा रुग्णालय उघडलें. १९०३ सालीं लेडी कर्झन यांनीं सुइणींना शिक्षण देण्यासाठीं निराळा निधि उभारला. हे प्रयत्न स्तुत्य होते, पण अपुरे होते. उतारवयाच्या सुइणीला चार धडे देऊन परत त्याच अंधाऱ्या खोलींत पाठविलें, तर तिच्या शब्दाला मान कोण देणार? खिडकी उघडा असें सांगण्याचा अधिकार तिला कोठें होता?

तो अधिकार यावयास सुशिक्षित घरांतली स्त्री या कामांत उतरणें अवश्य होतें. १९०९ सालीं पुण्यास सेवासदन निघालें. रमाबाई रानडे त्याच्या अध्वर्यु आणि गोपाळ कृष्ण देवधर त्यांचे सहकारी. सेवासदनानें ससून रुग्णालयांत परिचर्येचें व सुइणीचें शिक्षण घेण्यास ज्या स्त्रिया धाडल्या, त्यांत विधवा पुष्कळ होत्या. ज्या विधवेचें दर्शनही मंगलकार्यांत अशुभ मानीत, तिनेंच नव्या जीवाला प्रथम हातीं घ्यावें, ही केवढी उलथापालथ! एका कामानें दोन विटाळ मोडले, एक बाळंतिणीचा आणि दुसरा वैधव्याचा. समाजसुधारणेच्या इतिहासांत सभा आणि ठराव यांना जागा मिळते. रात्रपाळीच्या त्या स्त्रियांना मिळालेली जागा मात्र फार थोडी आहे.

देशाची एकंदर स्थिति कशी होती, हें १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालावरून कळतें. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे मूळचे नाशिकचे. हजार जन्मलेल्या मुलांपैकीं १६२ मुलें वर्षाच्या आंत दगावत, हा आंकडा १९३७ सालचा. दर हजार जन्मांमागें सुमारें वीस माता मरत; वर्षाला अदमासें दोन लक्ष. आणि एवढ्या विस्तीर्ण देशांत परिचारिका अवघ्या सात हजार, सुइणी पांच हजार व घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविका साडेसातशें! पुढें १९४७ सालीं भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि १९५० नंतरच्या दशकांत साहाय्यक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे आपण जिला गांवांत 'नर्सबाई' म्हणतों, तिचें शिक्षण सुरू झालें. उपकेंद्र हें तिचें ठाणें. मैदानी मुलखांत पांच हजार वस्तीला एक आणि डोंगराळ वा आदिवासी भागांत तीन हजारांना एक उपकेंद्र, असा दंडक ठरला.

अशा एका नर्सबाईंना मीं प्रथम पाहिलें तें माझ्या धाकट्या बहिणीच्या जन्माच्या वेळीं. १९६८ चा सुमार असावा. मी लहान होतों. बाई हातांत पत्र्याची पेटी घेऊन चालत आल्या. त्यांनीं प्रथम खिडकी उघडविली, आणि दोरा व पातें आमच्याच पितळी पातेल्यांत उकळावयास ठेविलें. आजी कुरकुरली, "आमची चार बाळंतपणं विळीवर झाली हो!" बाईंनीं हळूच विचारलें, "आजी, त्यांतली राहिलीं किती?" आजी कांहीं बोलली नाहीं. चारांपैकीं दोन राहिलीं होतीं.

काम संपल्यावर बाईंना चहा दिला, तो कोनाड्यांत वेगळ्या ठेविलेल्या कपांतून. त्यांनीं तो निमूटपणें घेतला आणि कप स्वतःच विसळून ठेविला. पांचव्या दिवशीं त्या नाळ पाहावयास पुन्हा आल्या, तेव्हां सटवाईच्या पाटावरचें हळदकुंकू आजीनें आधीं त्यांना लाविलें. चहा मात्र पुन्हा त्याच कपांतून! शाळेंत पस्तीस वर्षें समतेचे धडे शिकवितांना तो कप अनेकदां माझ्या डोळ्यांपुढें आला आहे.

पुढचा इतिहास उत्साह देणारा आहे. १९७० सालीं जामखेडास डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं गांवांतल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्याचें शिक्षण दिलें. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं ३९ गांवांत घरच्या घरीं नवजात बालकांची शास्त्रीय काळजी घेणाऱ्या सेविका तयार केल्या. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत नवजातांचे मृत्यु साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचें दिसून आलें. २००५ पासून 'आशा' कार्यकर्त्या आल्या. २०१५ सालीं नवजातांचा धनुर्वात सार्वजनिक प्रश्न म्हणून भारतांतून हटल्याचें मान्य झालें. भोर समितीच्या हिशेबानें लाख जन्मांमागें दोन हजार माता मरत; २०१८ ते २०२० या काळांत तें प्रमाण देशांत ९७ व महाराष्ट्रांत ३३ होतें.

या यशांत लसी, रक्तपेढ्या, रस्ते, शस्त्रक्रिया यांचा वांटा आहेच. त्यांचें श्रेय कोणी हिरावून घेऊं नये. परंतु लस टोंचणारा हात कोणाचा? गरोदर बाईच्या पायांवरची सूज आधीं कोणी ओळखली? प्रसूतीनंतर रक्त किती गेलें, हें पहांटेच्या प्रहरीं कोण पाहत बसलें? परिचारिकेचें काम असें आहे कीं तें साधलें म्हणजे कांहींच घडत नाहीं, आणि जें घडलें नाहीं त्याची नोंद बखरींत होत नसते.

तेव्हां सन्मान कसा करावा? वर्षांतून एक दिवस फुलें देऊन तो पुरा होत नाहीं. त्यांच्यापैकीं अनेकजणी आजही कंत्राटावर आहेत; त्यांच्या नोकरीच्या शाश्वतीविषयीं सुशिक्षित घरांनीं बोललें पाहिजे. मुलीनें परिचारिका व्हावयाचें म्हटलें, तर घरांत कपाळाला आठ्या पडूं नयेत. आणि दारीं आलेल्या बाईंना आपण जो कप देतों, तो कोठल्या फळीवरचा आहे, हें प्रत्येकानें एकदां पाहावें. आमच्या घरचा तो कप आजी गेल्यावर आईनें इतर कपांत मिसळला. नर्सबाईंची तोपर्यंत बदली झालेली होती.