वालेरीचे मौन आणि लेखनावरोधाची कल्पना

लिहिता लेखक एकाएकी थांबतो, या जुन्याच घटनेला 'लेखनावरोध' हे रोगसूचक नाव मिळाले ते 1940 च्या दशकात. व्हिएन्ना सोडून न्यूयॉर्कला स्थायिक झालेला मनोविश्लेषक एडमंड बर्ग्लर याने ही संज्ञा रूढ केली आणि या अवस्थेचे मूळ लेखकाच्या शैशवात, आईशी असलेल्या त्याच्या नात्यात शोधले. त्याची उपपत्ती आता मागे पडली आहे. तिच्यातले गृहीतक मात्र वाङ्मयेतिहासात रुजून राहिले. न लिहिणे ही लेखकाच्या आतली विकृती आणि प्रकाशनाच्या दोन तारखांमधले अंतर हे तिचे माप, असे ते गृहीतक. पॉल वालेरीचे उदाहरण त्याला छेद देते.

1871 साली जन्मलेला वालेरी विशीतच मालार्मेच्या वर्तुळातला होतकरू कवी म्हणून ओळखला जाऊ लागला होता. 1892 च्या ऑक्टोबरात, 4 आणि 5 तारखांमधल्या वादळी रात्री, जेनोआ येथे त्याने साहित्याकडे पाठ फिरवण्याचा निश्चय केला, अशी त्याची स्वतःची कथा आहे. एकतर्फी प्रेमाची यातना हे एक कारण. दुसरे, समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे, म्हणजे मालार्मे व रँबो यांनी गाठलेल्या टोकापुढे आपल्या कवितेला प्रयोजन काय, हा प्रश्न. चरित्रकारांनी या रात्रीला जरा अधिकच नाट्य बहाल केले आहे (त्यात वालेरीचाही हात होताच). कारण 1895 मध्ये लिओनार्दोच्या पद्धतीवरील निबंध व 1896 मध्ये मस्यू तेस्तविषयीचे गद्य प्रसिद्ध झाले; काही कविताही त्या दशकात छापल्या गेल्या.

मौन दाट झाले ते त्यानंतर. 1900 ते 1922 या काळात वालेरी आव्हास वृत्तसंस्थेच्या एदुआर लबे या आजारी संचालकाचा खाजगी सचिव होता. परंतु 1894 पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे 1945 पर्यंत, तो रोज पहाटे उठून वह्या लिहीत असे. भाषा, स्मृती, अवधान, स्वप्न, गणित असे त्यांचे विषय. 1957 ते 1961 दरम्यान त्या जशाच्या तशा 29 खंडांत छापल्या गेल्या. ज्याला मौन म्हटले जाते त्या काळात हा लेखक रोज लिहीत होता. थांबले होते ते 'कृती' निर्माण करणे.

1912 मध्ये आंद्रे जीद व गास्तों गालिमार यांनी जुन्या कविता एकत्र करण्याचा आग्रह धरला. संग्रहाला जोडण्यासाठी चाळीसेक ओळींची एक निरोपाची कविता लिहावी, एवढाच वालेरीचा बेत होता. तिची 512 ओळींची 'ला जन पार्क' झाली आणि ती 1917 मध्ये जीदला अर्पण होऊन प्रसिद्ध झाली. मधल्या महायुद्धाच्या वर्षांत शेकडो पाने खर्ची पडली. बारा अक्षरावयवांच्या अभिजात फ्रेंच वृत्ताचे जाचक नियम त्याने हेतुतः पत्करले होते. स्फूर्ती परतली आणि कोंडी फुटली, असे येथे म्हणता येत नाही. दुसऱ्याची मागणी आणि वृत्ताचे बंधन यांनी ती फोडली.

मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे तिन्ही मिळून काव्याचा एकच हेतू मानला, तीन स्वतंत्र हेतू नव्हेत. रोमँटिक प्रतिभाविचाराच्या प्रभावाखाली आपण त्यातली शक्ती तेवढी उचलली. साहजिकच ती ओसरली की कवी संपला असे वाटू लागले. मराठीतही हा हिशेब चुकतो. 'अरुण कोलटकरच्या कविता' (1977) नंतर कोलटकरांच्या पुढच्या मराठी संग्रहांसाठी नव्या शतकाची वाट पाहावी लागली. पण मधल्या वर्षांत लेखणी थांबली नव्हती, हे 'भिजकी वही'च्या विस्तारावरूनच कळते.

वालेरीची अडचण 1917 नंतर पुरती मिटली, असेही नाही. तिने जागा बदलली. परिपूर्णतेच्या ज्या ध्यासाने आरंभ अशक्य केला होता, त्यानेच आता शेवट अशक्य केला. 'समुद्राकाठचे स्मशान' ही कविता आधी शब्दांवाचूनची एक लय म्हणून मनात आली, असे त्याने 1933 मध्ये नमूद केले आहे. तिचे खर्डे चालूच होते. एके दिवशी नियतकालिकाचा संपादक जाक रिव्हिएर घरी आला आणि तेव्हा हाताशी होता तो खर्डा घेऊन गेला. 1920 मध्ये छापलेला, आज अभ्यासक्रमांत लावला जाणारा पाठ हा त्या दिवशीचा आहे.