जिऑलॉजिकल पेपर्स ऑन वेस्टर्न इंडिया

जिऑलॉजिकल पेपर्स ऑन वेस्टर्न इंडिया हा पश्चिम भारताच्या भूविज्ञानाविषयीच्या निबंधांचा इंग्रजी संग्रह आहे. हेन्री जॉन कार्टर यांनी मुंबई सरकारसाठी संपादित केलेला हा ग्रंथ इ.स. १८५७ मध्ये मुंबईच्या एज्युकेशन सोसायटी मुद्रणालयात छापला गेला. ग्रंथाला जोडून नकाशे व चित्रपट्टांचा एक स्वतंत्र नकाशासंग्रह आहे. दख्खन, मुंबई बेट, कच्छ, सिंध आणि अरबस्तानाचा आग्नेय किनारा हे प्रदेश त्यात प्रामुख्याने येतात. 

पार्श्वभूमी

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था इ.स. १८५१ मध्ये टॉमस ओल्डहॅम यांच्या नेतृत्वाखाली कामाला लागली. आरंभी तिचे लक्ष मुख्यतः पूर्व व मध्य भारतातील कोळसा क्षेत्रांकडे होते. तोपर्यंत पश्चिम भारतातील भूवैज्ञानिक निरीक्षणे लष्करी अधिकारी, शल्यचिकित्सक, अभियंते व मिशनरी यांनी आपापल्या नोकरीच्या ओघात केलेली होती. त्यांचे निबंध लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी, रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा इत्यादी संस्थांच्या नियतकालिकांत विखुरलेले होते. ते एकत्र आणणे हा या ग्रंथाचा हेतू होता.

यांतील काही प्रदेश मुंबई इलाख्याच्या सरहद्दीवरचे होते. कच्छचे संस्थान इ.स. १८१९ च्या तहानंतर ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली आले. त्याच वर्षी १६ जून रोजी झालेल्या भूकंपाने रणात ‘अल्लाबंद’ हा लांबच लांब उंचवटा निर्माण झाला आणि कच्छकडे युरोपातील भूवैज्ञानिकांचे लक्ष वेधले गेले. सिंध इ.स. १८४३ मध्ये ब्रिटिशांनी जिंकून घेतला.

संपादक

हेन्री जॉन कार्टर (१८१३–१८९५) हे मुंबईत कंपनी सरकारच्या सेवेत शल्यचिकित्सक होते. अरबस्तानाच्या आग्नेय किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या ‘पॅलिन्युरस’ या जहाजावर १८४४ ते १८४६ या काळात त्यांनी काम केले. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते सचिव होते. पुढे स्पंज या जलचर प्राण्यांवरील संशोधनासाठी ते प्रसिद्ध झाले. इ.स. १८५९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले व इ.स. १८७२ मध्ये त्यांना त्या संस्थेचे रॉयल पदक मिळाले.

आशय

ग्रंथातील प्रमुख निबंध पुढीलप्रमाणे आहेत :

• विल्यम हेन्री साइक्स : दख्खनच्या काही भागाचे भूविज्ञान. साइक्स हे इ.स. १८२४ पासून मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी होते.
• जॉन ग्रँट माल्कमसन : बेसॉल्ट प्रदेशाच्या पूर्व भागातील जीवाश्म. लाव्हाशी निगडित थरांत गोड्या पाण्यातील शंख सापडतात, हे त्यांनी दाखवले.
• सी. डब्ल्यू. ग्रँट : कच्छचा भूवैज्ञानिक नकाशा व त्याचे विवरण. त्यांनी जमवलेल्या जीवाश्मांचे वर्णन जेम्स डी कार्ल सॉवर्बी यांनी केले.
• एन. व्हिकरी : सिंधच्या काही भागांचे भूविज्ञान.
• स्टीफन हिस्लॉप : नागपूर राज्याचे भूविज्ञान.
• कार्टर : मुंबई बेटाचे भूविज्ञान, अरबस्तानाचा आग्नेय किनारा आणि भारताच्या भूविज्ञानाचा सारांश.

जव्हार–मोखाडा प्रदेश आणि ट्रॅप

ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते, तर मोखाडा ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात होता. आज हे दोन्ही तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी स्थापन झालेल्या पालघर जिल्ह्यात आहेत. कोकणपट्टी आणि सह्याद्री यांच्या मधला हा डोंगराळ प्रदेश संपूर्णपणे दख्खन ट्रॅपचा, म्हणजे एकावर एक साचलेल्या लाव्हाथरांचा आहे. ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला असून डोंगरउतारांच्या पायऱ्यांसारख्या ठेवणीला तो उद्देशून आहे.

एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिक नकाशांवर ट्रॅपचा विस्तीर्ण प्रदेश सहसा एकाच रंगात दाखवला जाई. कच्छमध्ये जीवाश्मांच्या साहाय्याने थरांचा क्रम लावता येत होता. ट्रॅपमध्ये मात्र आंतरट्रॅपी थर सोडले तर जीवाश्म नव्हते आणि एक थर डोळ्यांना दुसऱ्यासारखाच दिसे. त्यामुळे जव्हार, इगतपुरी व महाबळेश्वर येथील खडकांत भेद करण्याचे साधन उपलब्ध नव्हते.

हा भेद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने रासायनिक पृथक्करणामुळे शक्य झाला. इ.स. १९८६ मध्ये जे. ई. बीन, के. व्ही. सुब्बाराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातील बेसॉल्टचा स्तरक्रम प्रसिद्ध केला. आज रूढ असलेल्या वर्गीकरणात कळसुबाई, लोणावळा व वाई असे तीन उपगट आहेत. कळसुबाई उपगटात तळापासून अनुक्रमे जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी व भीमाशंकर हे शैलसमूह येतात. म्हणजेच पश्चिम घाटातील लाव्हाराशीच्या सर्वांत खालच्या, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या शैलसमूहाला जव्हारचे नाव देण्यात आले आहे. या उपगटात प्लेजिओक्लेज खनिजाचे मोठे स्फटिक असलेल्या बेसॉल्टचे थर सीमादर्शक म्हणून उपयोगी पडतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे वर्गीकरण याहून वेगळे असून त्यात तळाच्या शैलसमूहाला साल्हेर हे नाव आहे.

भूजलाशी संबंध

थरांतील हा भेद पाण्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते भेगांत, खडकाच्या झिजलेल्या भागात, सच्छिद्र थरांत आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्याशी साठते. जव्हार व मोखाडा तालुक्यांत पावसाळ्यात मुबलक पाऊस पडतो, परंतु तीव्र उतारांवरून पाणी लवकर वाहून जाते आणि उन्हाळ्यात अनेक पाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातील कोचाळे गावाजवळ आहे. विहिरीची जागा ठरवताना किंवा झऱ्याचे संवर्धन करताना गावाखाली नेमका कोणता थर आहे हे कळणे आवश्यक असते. ही माहिती एकरंगी नकाशावरून मिळत नाही.

महत्त्व

कच्छ व सिंध यांचे सविस्तर सर्वेक्षण पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने केले. ए. बी. विन यांचा कच्छवरील अहवाल इ.स. १८७२ मध्ये, तर विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड यांचा पश्चिम सिंधवरील अहवाल इ.स. १८७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे कार्टर यांच्या संग्रहातील अनेक निष्कर्ष मागे पडले. तरीही शासकीय सर्वेक्षणापूर्वी पश्चिम भारताच्या भूविज्ञानाविषयी काय ज्ञात होते, याचे एकत्रित साधन म्हणून या ग्रंथाला व त्याच्या नकाशासंग्रहाला विज्ञानाच्या इतिहासात स्थान आहे.

हेही पाहा

• दख्खन ट्रॅप
• जव्हार संस्थान
• मोखाडा तालुका
• भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण